भिंतीपलीकडचं मोडेम

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८

आजपासून पुन्हा लिहायला घेतो. मागची वही बारावीच्या निकालापाशी थांबली होती.

दुकान सुरू झालं. दुकान म्हणजे सिंदीच्या स्टेशन रोडवर चुलतभावाच्या फोटो स्टुडिओतलं एक टेबल, पण पाटी स्वतंत्र आहे: 'कॉम्प्युटर दुरुस्ती, डीटीपी, लग्नपत्रिका'. पेंटरने 'दुरूस्ती' रंगवलं होतं. मी रु ऱ्हस्व करून घेतला. तो म्हणाला, "याच्यानं कॉम्प्युटर जास्त चांगला सुधरते का?" मी पैसे मोजून दिले.

पहिलं मोठं काम आजच आलं. भूपेंद्रभाऊ झाडे यांचं मोटारपंप आणि पाइपचं दुकान आहे. त्यांचा मुलगा नीलेश पुण्याला शिकतो, तो आपला जुना लॅपटॉप त्यांना देऊन गेला. तक्रार अशी: लॅपटॉप वापरात असेपर्यंत इंटरनेट नीट चालतं. थोडा वेळ नुसता पडून राहिला की वायरलेस जातं आणि लॅपटॉप बंद-चालू केल्याशिवाय येत नाही. पंप कंपनीचे दर ई-मेलवर येतात, त्यामुळे खोळंबा होतो.

यात एक गुंतागुंत आहे. मोडेम त्यांच्या घरात नाही. भिंतीपलीकडे, मोठे भाऊ मधुकरराव, म्हणजे आमचे काकाजी, यांच्याकडे आहे. वाटणीत घर, दुकान, शेत सगळ्याचे दोन भाग झाले, पण टेलिफोन वारलेल्या वडिलांच्या नावावर होता, म्हणून तो जिथे होता तिथे राहिला. पुढे त्याच लाइनवर दोघांनी मिळून ब्रॉडबँड घेतलं. मिळून घेतलं, पण बोलून नाही. वाटणीच्या दिवशी वजनकाट्यावरून शब्द झाले, तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ब्रॉडबँडचे निरोप मधुकररावांच्या पत्नी कौशल्याकाकूंनी नेले-आणले.

दुकानाची जुनी पाटीसुद्धा मधोमध करवतीने कापलेली आहे. मधुकरकाकाजींच्या बियाण्याच्या दुकानावर 'झाडे ब्र' आणि भूपेंद्रभाऊंच्या दुकानावर 'दर्स'. मी तिथून जाताना शक्यतो वर पाहत नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

चाचणी घेतली. भूपेंद्रभाऊ एका गिऱ्हाइकाला पंपाचा फुटव्हॉल्व्ह दाखवायला उठले. मी लॅपटॉपला हात न लावता शेजारी बसून राहिलो. ते परत आले तेव्हा वायरलेस गेलेलं होतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "मी उठलो का दादानं तिकडून बटन दाबलं."

"पण तुम्ही उठलात हे त्यांना भिंतीपलीकडून कसं दिसणार?"

"दिसाले काय लागते? एका ताटात जेवलो आम्ही. माह्या चपलेच्या आवाजावरून समजते त्यायले."

मी म्हटलं, लॅपटॉपमध्येही दोष असू शकतो. त्यांनी फुटव्हॉल्व्ह खाली ठेवला.

"मग तूच पाह्य आणि खरं सांग. मशीनचा दोष असन तं मशीनचा सांग, दादाचा असन तं दादाचा. दादा असन, तं मी वेगळी लाइन घेतो, दोन्ही घरांमधलं मागचं दार विटांनी बुजवतो अन आचलच्या लग्नाले पाय ठेवत नाई. लोकं विचारतीन काका कुठी हाये, तं सांगजो म्हणा, काकाचं कनेक्शन कापलं."

आचल ही मधुकरकाकाजींची मुलगी. लग्न एप्रिलमध्ये आहे.

माझं शिक्षण बारावी नापास आणि एमएस-सीआयटी. त्यात लॅपटॉपवर अर्धं पान होतं. माझं निदान चुकलं तर एका मुलीच्या लग्नात तिचा सख्खा काका नसेल.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

काकाजींकडे गेलो. मोडेम टेलिफोनशेजारी फळीवर आहे. त्यावर काकूंनी क्रोशाचं झाकण घातलं होतं. ते काढायला सांगितलं, कारण उष्णता बाहेर जात नाही. काकू म्हणाल्या, "उघडं बरं नाई दिसत, बाबू. पाहुणे येऊन राह्यले घरी."

काकाजींना खोकला आहे. ते खोकून झाल्यावर म्हणाले, "मी काऊन बंद करू? मले तं चालूच करता येत नाई ते. त्याले सांगजो, दादा त्या डब्याले बोट लावत नाई."

"सांगतो."

"अन थांब. तो काय म्हणे? दादा म्हणे का मधुकर म्हणे?"

मी आठवून सांगितलं, "दादा."

"बरं," ते म्हणाले. याचा बिघाडाशी काय संबंध ते कळलं नाही, पण विचारलं म्हणून लिहून ठेवतो.

आचलच्या पत्रिकेचं कामही मलाच दिलं. मजकूर तपासला. 'स्वागतोत्सुक' लोक बहुधा चुकवतात, काकाजींनी बरोबर लिहिलं होतं. त्याखाली मात्र पहिली ओळ कोरी होती. मी विचारलं, इथे काय टाकू?

"जागा ठेव."

"किती ठेवू?"

"एका मानसाची."

काकू आतून म्हणाल्या, "एका घराची ठेव." नवरा मुलगा नाचणगावचा आहे. तिकडच्या लोकांनी दोनदा विचारलं म्हणे, मुलीला काका आहेत ना? काकूंनी दोन्ही वेळा चहा टाकायला उठून विषय बदलला.

रविवार, १० फेब्रुवारी

आज मोडेमसमोर बसलो. सकाळी वीज होती. लोडशेडिंगमध्ये मोडेम बंदच असतं, त्या वेळची तक्रार भूपेंद्रभाऊ धरत नाहीत. विजेच्या बाबतीत दोघा भावांचं एकमत आहे.

काकूंनी पोहे दिले. दिव्यांवरची नजर काढायची नाही म्हणून चमचा अंदाजाने वापरला. काकाजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि तेही दिव्यांकडे पाहू लागले. सगळे दिवे हिरवे होते. एकदाही विझले नाहीत. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून भूपेंद्रभाऊंनी मला हाक मारली, "गेलं! चंद्रभान, गेलं पाह्य!"

मागचं दार खताच्या पोत्यांनी बंद आहे, म्हणून रस्त्याने फिरून जावं लागतं. मी पळत गेलो आणि सांगितलं, मोडेम चालू आहे, काकाजी माझ्या डोळ्यांसमोर होते.

"दादा तिथी बसले होते?" भूपेंद्रभाऊंनी विचारलं. "पूर्ण वेळ?"

"हो."

"खोकलत होते का?"

मी हो म्हटलं. ते लॅपटॉपकडे पाहत राहिले.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सापडलं.

वर्ध्याला जाऊन सायबर कॅफेत बसलो. अशी तक्रार अमेरिकेतल्या लोकांचीही आहे. बराच वेळ काही केलं नाही की लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी स्वतःच वायरलेसचं कार्ड झोपवतो आणि नंतर ते उठत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक चौकट असते, त्यात संगणकाला तशी परवानगी दिल्याची बरोबरची खूण असते. ती काढायची.

दुपारी येऊन काढली. मग लॅपटॉप नुसता ठेवला. भूपेंद्रभाऊ जेवून आले, गिऱ्हाइकं करून आले, दाढी करून आले. वायरलेस होतं तसं होतं. मी त्यांना सांगितलं, "कोणाचाच दोष नाही. लॅपटॉप स्वतः करत होता."

"स्वतः?"

"स्वतः."

"दादानं एकदाही नाई केलं?"

"एकदाही नाही."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. मग म्हणाले ती खूण कुठे असते ते दाखव. मी दाखवलं. म्हणाले पुन्हा दाखव. मी पुन्हा दाखवलं आणि त्यांनी पाइपाच्या खोक्यावर क्रम लिहून घेतला. गिऱ्हाईक समजून घेतो आहे याचं समाधान वाटलं.

काकाजींनाही निकाल सांगितला. मला वाटलं होतं ते उठून भिंतीपलीकडे जातील. ते म्हणाले, "मंजे आता त्याची तक्रार नाई?"

"नाही."

"काहीच म्हणणं नाई?"

"नाही. पूर्ण दुरुस्त झालं."

"बरं," ते म्हणाले. तोंड उतरल्यासारखं वाटलं. खोकल्यामुळे असेल.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

तक्रार नाही. काकाजींनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "गेलं का त्याचं?" मी अभिमानाने नाही म्हटलं. संध्याकाळी भूपेंद्रभाऊंनी विचारलं, "दादा काही म्हणत होते का?" मी म्हटलं, काही नाही, तक्रारच नाही तर काय म्हणणार.

पत्रिकेतली ओळ अजून कोरी आहे. छापखान्याने घाई लावली आहे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

वाईट झालं. भूपेंद्रभाऊंचा निरोप आला, वायरलेस पुन्हा गेलं. जाऊन पाहिलं तर चौकटीतली खूण परत आलेली. मी ती काढली होती हे मला पक्कं आठवतं, पण पक्कं आठवणाऱ्या गोष्टी मी बारावीच्या पेपरातही लिहिल्या होत्या. भूपेंद्रभाऊंना विचारलं, कोणी हात लावला का? म्हणाले, "मले काय समजते त्यातलं."

खूण काढली. ते म्हणाले, "दादाले सांगून ये, पुन्हा गेलं म्हणा."

मी समजावलं की दोष या बाजूचा आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

"सांगाले काय पैसे लागून राह्यले का? जा ना बे!"

काकाजी निरोप ऐकून सरळ बसले. "काय म्हणे? कसं म्हणे? आवाज चढवून का साधं?" मी साधं म्हटलं. "त्याले सांगजो, मी पाहतो इकडून." मी म्हटलं, तुम्ही पाहण्यासारखं काही नाही. "तरी सांगजो."

सोमवार, ३ मार्च

खूण दोनदा परत आली. ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, दोष असावा. हे कळण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आज तर उलटच झालं. लॅपटॉपमध्ये खूण नव्हती, तरी वायरलेस नव्हतं. पळत काकाजींकडे गेलो. मोडेमचा एकही दिवा लागलेला नव्हता. भिंतीवरचं बटण बंद होतं. काकाजी शेजारीच पेपर वाचत होते.

"काकाजी, हे बंद कोणी केलं?"

"बंद हाये का?" ते म्हणाले. "अरे अरे. तो काही म्हणे का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. खोकला त्यांनाही लागला असेल, घरात पसरतोच.

रविवार, ९ मार्च

आज माझ्या कामाची पद्धत पूर्ण मोडली.

मी भूपेंद्रभाऊंकडे बसलो होतो. वायरलेस गेलं. मी डिव्हाइस मॅनेजर उघडणार इतक्यात भूपेंद्रभाऊ भिंतीकडे तोंड करून ओरडले, "दादा! गेलं!"

निरोप माझ्यामार्फत जायचे असं ठरलेलं होतं. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "थांब, पाहतो!"

"आलं का?" पलीकडून.

"नाई!"

"आता?"

"नाई आलं, दादा!"

मी सांगत होतो की मोडेमचा प्रश्नच नाही, खूण आलेली आहे. भूपेंद्रभाऊंनी मला हाताने गप्प केलं.

"खोकला थांबला का तुमचा?" ते भिंतीला म्हणाले.

"कायचा थांबते! अडुळसा घेऊन राह्यलो."

"त्यात मध टाका म्हणा वहिनीले. तुम्ही नुसताच पेता, लहानपणासारखा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडून, "भूपा, पत्रिका अडली हाये."

"काऊन?"

"एक जागा ठेवली हाये त्यात."

भूपेंद्रभाऊ भिंतीजवळ उभे राहिले. त्यांच्या पत्नी अंजूवहिनी स्वयंपाकघरातून पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी कीबोर्डवरून हात काढले.

"तं भरून टाका ना मग," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "कोरी पत्रिका चांगली दिसते का?"

काकूंनी सांगितल्याप्रमाणे एका घराची जागा होतीच. 'सौ. अंजू व श्री. भूपेंद्र झाडे' एका ओळीत बरोबर बसलं. प्रूफ तीनदा वाचून छापखान्यात दिलं.

वायरलेस मात्र तसंच राहिलं. मी निघालो तेव्हा ते दोघे शेताच्या ओलितावर बोलत होते, भिंतीतून.

सोमवार, १७ मार्च

झालं एकदाचं. नवीन ड्रायव्हर मिळाला. तो टाकल्यावर ती चौकटच दिसत नाही, त्यामुळे खूण परत येण्याचा प्रश्न मिटला. लॅपटॉप सकाळपासून पडून ठेवला, वायरलेस गेलं नाही. भूपेंद्रभाऊंनी पाइपाच्या खोक्यावरचा क्रम काढून पाहिला आणि चौकट शोधली. सापडली नाही.

"कुठी गेली ते?"

"कायमची गेली," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम पूर्ण केल्यासारखं वाटलं.

अंजूवहिनी म्हणाल्या, "झालं का आता समाधान तुह्यं?" प्रश्न असेल तर उत्तर हो असं होतं, पण त्या ते ऐकायला थांबल्या नाहीत.

सोमवार, २४ मार्च

कौशल्याकाकू स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या. पाणी दिलं.

"बाबू, ते जे तू नवीन टाकलं, ते काढता येते का?"

मी म्हटलं, येतं, पण काढलं तर बिघाड परत येईल.

"हो, तेच."

"काकू, बिघाड?"

"आठ दिवस झाले, तिकडून आवाज नाई," त्या म्हणाल्या. "हे भिंतीपाशी खुर्ची टाकून बसते सकाळपासून. मी म्हटलं तुम्हीच हाक मारा. तं म्हणते, काय म्हणून मारू? काही काम पाह्यजे ना. तिकडे भूपाभाऊचंही तेच असन. दोघंही सारखेच. लग्न आलं तोंडावर, बाबू. मंडपात उभा राहून हा त्याले काय म्हणन, दर काय चालून राह्यले?"

मी विचार केला. दुरुस्त वस्तू पुन्हा बिघडवणं हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. पण गिऱ्हाइकाचं म्हणणं स्पष्ट होतं.

दुपारी जाऊन जुना ड्रायव्हर परत टाकला. चौकट आली, खूणही आली. भूपेंद्रभाऊंनी एका शब्दाने कारण विचारलं नाही. फक्त खुर्ची भिंतीजवळ सरकवली.

कामाच्या पावतीवर 'दुरुस्ती' लिहिता येईना. पावती केलीच नाही.

बुधवार, ३० एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. पत्रिकांचा मोसम होता.

आचलचं लग्न रविवारी झालं. मोठी भांडी रस्त्याने फिरवायला नको म्हणून मागच्या दारातली खताची पोती काढली आणि ती परत रचायला कोणाला वेळ झाला नाही. भूपेंद्रभाऊ मंडपात फेटा बांधून फिरत होते आणि प्रत्येक गोष्टीत चुका काढत होते. नाचणगावच्या मंडळींनी काकूंना विचारलं, हे कोण? काकू म्हणाल्या, "काका हाये. दुसरं कोण इतकं बोलन?"

आज भूपेंद्रभाऊंच्या दुकानात गेलो. चौकशी करावी म्हणून. दुकानात कोणी नव्हतं. लॅपटॉप उघडा पडून होता, वायरलेस गेलेलं होतं. मागच्या बाजूने ओरडाआरडा ऐकू आला म्हणून घाबरून मागे गेलो.

उघड्या दारात दोघे भाऊ समोरासमोर उभे होते. मधे एक मोटारपंप होता.

"साडेसात एचपीचा कायले पाह्यजे तुम्हाले?" भूपेंद्रभाऊ ओरडत होते. "तुमच्या विहिरीले तेवढं पाणी हाये का? अर्ध्या घंट्यात कोरडी पडते ते! पाचचा घ्या."

"तू मले शिकवू नोको! विहीर मी खोदली हाये!"

"खोदली बाबांनं! तुम्ही काठावर बसून चिवडा खात होते!"

मला वाटलं, सगळं पुन्हा तुटणार. मी मधे झालो. काकाजींना म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे ते मला सांगा, मी भूपेंद्रभाऊंना नीट सांगतो."

दोघेही माझ्याकडे वळले.

"तू काऊन मधे येऊन राह्यला बे?" काकाजी म्हणाले. "आम्ही बोलून राह्यलो ना!"

"चहा पी अन बस तिकडे," भूपेंद्रभाऊ म्हणाले, आणि लगेच दादांकडे वळून, "पाच म्हणजे पाच!"

काकूंनी चहा दिला. मी पायरीवर बसून प्यायलो. पंपाचं ठरेपर्यंत थांबावं की जावं ते कळेना. लॅपटॉपबद्दल कोणी काही विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.